ब्रेकवर पाय ठेवून श्रावण

आपल्या पिढीकडे प्रत्येक दुखण्यावर एकच रामबाण उपाय असतो, कार्डिओ! वजन वाढलं, कार्डिओ. बॉसने डोकं फिरवलं, कार्डिओ. ब्रेकअप झालं, मग तर डबल कार्डिओ. घाम निघाला की काम फत्ते, हा फंडा इतका अंगात मुरलाय की स्ट्रोकमधून नुकत्याच उठलेल्या माणसालाही आपण तोच सल्ला देऊन मोकळे होतो.

माझे अण्णा खुलताबादचे. निवृत्त मास्तर. श्रावणातल्या दर शुक्रवारी संध्याकाळी एसटीने छत्रपती संभाजीनगरला जायचं आणि रात्रभर दौलताबादचा घाट चढत, पंचवीसेक किलोमीटर चालून शनिवारी पहाटे भद्रा मारुतीच्या पायाशी यायचं, हा त्यांचा कित्येक वर्षांचा नेम. या मे महिन्यात त्यांना स्ट्रोक आला. डावा हात-पाय गेला. वेळेत हॉस्पिटल गाठलं म्हणून निभावलं. दहा दिवसांनी घरी आले ते काठी धरून आणि एकच प्रश्न घेऊन : "श्रावणापर्यंत चालीन ना रे मी?"

मी पुण्याहून 'वर्क फ्रॉम होम' घेऊन घरी आलो. घरात दोन पार्ट्या पडलेल्या. आईची पार्टी 'अजिबात हलायचं नाही'वाली. शेजारच्या काकांची 'लकवा आहे, रोज दमवल्याशिवाय पाय सुटणार नाही'वाली. ताईने तर कुरिअरने स्मार्टवॉच पाठवलं, दहा हजार पावलांचं टार्गेट लावून! मी कुठल्याच पार्टीत गेलो नाही. रात्री लॅपटॉप उघडून वाचत बसलो आणि सकाळी प्रश्नांची यादी घेऊन फिजिओथेरपिस्ट मॅडमना गाठलं.

वाचलं ते चक्रावून टाकणारं होतं. 2015मध्ये 'अ‍ॅव्हर्ट' नावाच्या मोठ्या चाचणीचे निकाल आले. पाच देश, 2104 पेशंट. एका गटाला स्ट्रोकनंतर 24 तासांच्या आत उठवून जास्त वेळा, जास्त वेळ हालचाल करायला लावली. तीन महिन्यांनी चांगले बरे झालेले त्या गटात 46 टक्के निघाले, नेहमीच्या पद्धतीने सांभाळलेल्या गटात 50 टक्के. म्हणजे घाई अंगाशी आली. 2019मध्ये जर्मनीतून 'फिज-स्ट्रोक'चे निकाल आले. स्ट्रोकनंतर पाच ते 45 दिवसांतले 200 पेशंट. निम्म्यांना चार आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, 25 मिनिटं ट्रेडमिलवर एरोबिक व्यायाम. उरलेल्यांना फक्त रिलॅक्सेशन. नेहमीची फिजिओथेरपी दोघांनाही. तीन महिन्यांनी चालण्याचा वेग आणि रोजची कामं यांत ट्रेडमिलवाले काही पुढे गेले नव्हते. उलट गंभीर त्रासाच्या घटना त्यांच्यातच जास्त झाल्या.

मग काय, आईची पार्टी जिंकली? मुळीच नाही. मॅडम म्हणाल्या, "नुसतं झोपून राहिलं तर स्नायू आटतात, पायात गुठळ्या होऊ शकतात, छातीत इन्फेक्शनची भीती. तब्येत स्थिरावली की एरोबिक व्यायामाने दम वाढतो, चालणं सुधारतं. प्रश्न व्यायाम करायचा की नाही हा नाहीच. कधी आणि किती, हा आहे."

त्यांचे नियम अगदी साधे होते. आधी डॉक्टरांकडून बीपी आणि ईसीजी बघून हिरवा कंदील. सुरुवातीला विश्रांतीच्या नाडीपेक्षा फार तर 10-20 ठोके वर. चालताना आरामात गप्पा मारता आल्या पाहिजेत. वाक्य तुटायला लागलं की थांबायचं. आणि घड्याळावर फार विसंबायचं नाही. कारण अण्णांची बीपीची गोळी बीटा ब्लॉकर प्रकारातली, ती नाडीला वर जाऊच देत नाही. आकडा छान दिसतो आणि माणूस दमलेला असतो! छातीत दुखलं, चक्कर आली, तर त्या दिवशीचा व्यायाम बंद आणि डॉक्टरांना फोन. दुखणं थांबेना, किंवा तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर एक मिनिट न घालवता 108. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आतच देता येतं.

आमचं शेड्यूल सुरू झालं. अंगणात तीन मिनिटं, खुर्ची, परत तीन मिनिटं. ज्या माणसाने घाट तुडवले, त्याला तुळशीभोवती चकरा! अण्णा चिडायचे. "कामून बसवून ठेवता रे मला? म्हातारा नाही झालो मी." एकदा तर काठी फेकली. मला त्यांचा राग नाही आला, भीती वाटली. शरीरापेक्षा हा माणूस मनाने आधी खचेल की काय, ही भीती. स्ट्रोकनंतर डिप्रेशन बऱ्याच जणांना येतं, हे डॉक्टरांनी बजावलं होतंच.

मग मी टार्गेट पावलांत मोजणं बंद केलं. पहिला आठवडा फाटकापर्यंत. पुढे कोपऱ्यावरच्या टपरीपर्यंत, तिथे बिनसाखरेचा चहा आणि मित्रमंडळी. जुलै उजाडेपर्यंत अण्णा सलग बारा मिनिटं चालत होते, शाळेतल्या गमती सांगत, एकही वाक्य न तोडता. एका संध्याकाळी ते स्वतःच म्हणाले, "आपला मारुती बघ, एवढा बलभीम, पण इथे आडवा पडलाय. द्रोणागिरी उचलणाराही विश्रांती घेतो म्हणायचं!" त्या दिवशी आई खूप दिवसांनी हसली.

पहिल्या श्रावणी शनिवारच्या आदल्या रात्री आम्ही रस्त्याकडेला खुर्ची टाकली. शहरातून चालत येणारी पोरं, बायाबापड्या, अनवाणी कॉलेजकुमार, गर्दी संपत नव्हती. अण्णा उजव्या हाताने पाण्याचे पेले भरत होते आणि डाव्या हाताने, थरथरत का होईना, पुढे करत होते. मध्येच उठून ते चालणाऱ्यांच्या बरोबरीने विजेच्या दोन खांबांएवढं अंतर गेले. मी मागेच होतो.

तिसऱ्या खांबाजवळ ते आपणहून थांबले, मागे वळले आणि म्हणाले, "चल, पेले रिकामे झाले असतील."