तिरके टाके

तुमच्या घरात गोधडी आहे का? नसेल असं वाटत असेल, तर कपाटाच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात एकदा हात घालून बघा. बहुतेक सापडेल. कुणी तिला वाकळ म्हणतं, कुणी चौघडी म्हणतं, तान्ह्या बाळाची असली तर ते दुपटं. नाव कुठलंही असो, कृती तीच. जुन्या साड्या, धोतरं, शर्टांच्या पाठी (कॉलर झिजते, पण पाठ शाबूत राहते!) धुऊन, उन्हात वाळवून एकावर एक पसरायच्या. फार विरलेलं, मऊ कापड आत आणि जरा दमदार कापड बाहेर. मग कच्चा दोरा घालून थर जागच्या जागी बसवायचे आणि धावदोऱ्याने शिवत सुटायचं. ऊब कुठून येते? कापडाच्या थरांमध्ये हवा अडकून बसते, आणि ही अडकलेली हवा उष्णता सहजासहजी बाहेर जाऊ देत नाही. म्हणजे पुण्यात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो, तेव्हा आपण साड्यांबरोबर हवाही पांघरून झोपलेलो असतो!

कोथरूडला आमच्या इमारतीत आम्ही पाचजणी गोधड्या शिवतो. मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी चार वाजता, गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत. सगळ्यांत मोठ्या तळमजल्यावरच्या आजी. वय ऐंशीच्या पुढे. सगळ्यांत लहान आमचा सुईवाला. तो सातवीत आहे. पाचजणींपैकी चौघींना चष्मा, त्यामुळे सुईत दोरा ओवायचं काम त्याच्याकडे. आल्या आल्या तो वीस सुया ओवून उशीला टोचून ठेवतो. मजुरी एक शेंगदाण्याचा लाडू. तुळशीबागेत सुया घ्यायला गेला, तरी "मोठ्या नेढ्याच्या द्या हं," असं दुकानदाराला बजावतो.

गच्चीवर बसायचं म्हणजे गच्चीवरच्या बागेशी संबंध येणारच. बाग म्हणजे रंगाचे रिकामे डबे, फुटक्या बादल्या आणि थर्मोकोलची खोकी. दर जानेवारीत आम्ही एम्प्रेस गार्डनमधलं फुलांचं प्रदर्शन बघून येतो, घरी येताना डोक्यात गुलाब असतात, आणि डब्यात शेवटी उगवते मेथी. तीसुद्धा आम्हाला मिळेलच असं नाही. पहिल्या वेळी कबुतरांनी बी टिपून खाल्लं. दुसऱ्या वेळी त्यावर जुनी जाळीची साडी बांधली, तेव्हा कुठे पंचवीस दिवसांत एक जुडी हाती आली. कोथिंबीर तर उगवेचना. मग आजींनी सांगितलं, "अगं, धणे अख्खे काय टाकता? एका धण्यात दोन बिया असतात. लाटण्याने हलकेच रगडून दोन भाग करा आणि मग पेरा." तसं केलं, आणि आठ-दहा दिवसांत हिरवे कोंब वर आले.

तांबड्या भोपळ्याची तऱ्हा आणखी वेगळी. वेल टाकीला वळसा घालून गेला, पिवळीधमक फुलं आली, पण भोपळा काही धरेना. फुलं आली की गळून पडायची. सुईवाल्याने विज्ञानाचं पुस्तक आणलं आणि उलगडा झाला. भोपळ्याला नर आणि मादी अशी वेगवेगळी फुलं येतात. मादी फुलाच्या देठाशी इवलासा भोपळा असतो, नराला नुसता दांडा. आमच्या गच्चीवर मधमाश्या फिरकत नव्हत्या. मग हा पठ्ठ्या सकाळी सातला वर जाऊन नर फुलाचे पराग मादी फुलाला लावून यायचा. एक भोपळा धरला. तीन किलो भरला! पाच घरांत भाजी झाली आणि घारगेही झाले.

अपघात मात्र खरा घडला तो गोधडीवर. भोपळ्याशेजारी ओल्या कचऱ्याच्या खताची बादली आहे. तिला खाली नळ आहे. एका शुक्रवारी तो नळ उघडा राहिला आणि चहासारखं तपकिरी पाणी वाहत वाहत अर्धवट शिवलेल्या गोधडीच्या कोपऱ्यापर्यंत आलं. नळ कुणी उघडा ठेवला, याचा तपास अजून चालू आहे! डाग काही निघाला नाही. तिथे आम्ही हिरव्या कापडाचं भोपळ्याच्या पानाच्या आकाराचं ठिगळ लावलं. आता बघणाऱ्याला वाटतं, ही मुद्दाम केलेली नक्षी आहे.

ही गोधडी साधी नव्हती. आजींच्या नातीला डिसेंबरात बाळ होणार होतं, म्हणजे आजींचं पहिलं पणतवंड. गोधडीच्या आतल्या थराला आजींनी आपल्या आईचं लुगडं काढून दिलं होतं. त्या लुगड्याची एक गोष्ट आहे. १२ जुलै १९६१ ला सकाळी पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं गेलं आणि मुठेचं पाणी नदीकाठच्या पेठांत शिरलं. आजी तेव्हा मॅट्रिकच्या वर्गात होत्या, घर नारायण पेठेत. पाणी ओसरल्यावर घरात गुडघाभर चिखल होता. त्या चिखलात जिन्याच्या कठड्याला अडकलेलं हे लुगडं सापडलं. आईने ते कितीतरी पाण्यांतून काढलं आणि पुढे पुष्कळ वर्षं नेसलं. पदराच्या एका टोकाला अजून मातकट छटा आहे. कापड इतकं विरलं होतं, की जोरात ओढलं तर हातात यावं. "एवढी आठवण आणि ती आत लपवायची?" मी विचारलं. आजी म्हणाल्या, "मऊ आहे ना, म्हणून आतच जायचं."

शिवण सुरू झाली आणि दोन-तीन आठवड्यांत आमच्या लक्षात आलं, की आजींचा हात थरथरतो. एके काळी त्यांचे टाके मोजपट्टीने आखल्यासारखे असत. आता ओळ मध्येच डोंगर चढायची, मध्येच दरीत उतरायची. कुणी काही बोललं नाही. आणि गंमत अशी, की पुढच्या वेळी गोधडी उघडली, की ओळी पुन्हा सरळ!

हे कोडं सुईवाल्याने सोडवलं, तेही सगळ्यांच्या देखत. एका मंगळवारी तो मोठ्याने म्हणाला, "आजी, शुक्रवारी तुमचे टाके तिरके होते. आज सरळ कसे झाले?"

गच्चीवर चिडीचूप. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा चेहरा उतरला. रात्री घरी नेऊन आजींचे टाके उसवायचे आणि पुन्हा घालायचे, हे काम त्या करत होत्या. कुणालाही न सांगता, रात्री अकरा-अकरा वाजेपर्यंत जागून!

आजींनी सुई खाली ठेवली. "मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "माझी गाठ दोन वेढ्यांची असते. हिची एका वेढ्याची. मागच्याच आठवड्यात ओळखलं मी."

"मग बोलला का नाहीत?" काकूंनी कसंबसं विचारलं.

"तू सांगशील म्हणून वाट बघत होते. अगं, हात थरथरतो ते मला दिसतं की! पण मी इथे बसून शिवते आहे, की तुम्ही मला नुसतं बसवून ठेवलंय, हे मला कळायला नको का?"

काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. पण त्याही गप्प बसल्या नाहीत. म्हणाल्या, "आजी, चुकलंच माझं, सांगायला हवं होतं. पण सैल टाक्यात बाळाचं बोट अडकलं तर?"

हा मुद्दा खोटा नव्हता. आजींनाही तो पटला. त्या थोडा वेळ भोपळ्याच्या वेलाकडे बघत राहिल्या आणि मग त्यांनीच तोड काढली. टाका तिरका असला तरी घट्ट असेल, तर तो राहील. सैल असेल, तर उसवायचा. ज्याचा त्याने उसवायचा आणि ज्याचा त्याने पुन्हा घालायचा. परीक्षक कोण? सुईवाला! त्याने आपली करंगळी प्रत्येक ओळीवरून फिरवायची. अडकली की नापास.

परीक्षा झाली. आजींच्या ओळींत करंगळी अकरा ठिकाणी अडकली. काकूंच्या सरळसोट ओळींतही चार ठिकाणी अडकली! त्यावर सगळ्यात आधी आजीच हसल्या.

अमेरिकेत अलाबामा राज्यात जीज बेंड नावाचं एक लहानसं गाव आहे. तिथल्या कृष्णवर्णीय बायका पिढ्यान्‌पिढ्या कामाच्या जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवत आल्या. त्यांच्या पट्ट्या वाकड्या, चौकोन कललेले. २००२ मध्ये त्या गोधड्या ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत लागल्या आणि २००६ मध्ये त्यांची चित्रं अमेरिकेच्या टपाल तिकिटांवर आली. आपल्याकडे बंगालात कांथा आहे, बिहारात सुजनी आहे. उत्तर कर्नाटकातल्या सिद्दी बायका कवंडी शिवतात. काठापासून सुरुवात करून मध्यापर्यंत येतात आणि चारी कोपऱ्यांत कापडाच्या घडीची फुलं लावतात. आम्ही पुढच्या गोधडीला तशी फुलं लावणार आहोत.

बाळ डिसेंबरात झालं. मुलगी आहे. गोधडी नाशिकला पोचली. अर्धी सरळ, अर्धी तिरकी, कोपऱ्यात भोपळ्याचं पान. बाळाने अजून तरी कुठल्याच टाक्यावर तक्रार केलेली नाही.

मुलांनो, तुम्हालाही करून बघायचं असेल, तर एकदम मोठी गोधडी काढू नका. वीतभर लांबी-रुंदीचे चार तुकडे घ्या, एकावर एक ठेवा, कच्चा दोरा घाला आणि काठापासून शिवत मध्यापर्यंत या. दोऱ्यावरून मेणाचा तुकडा फिरवला, की गुंता होत नाही. घरात आजी असेल, तर गाठ कशी मारायची ते तिला विचारा. प्रत्येकीची वेगळी असते. आणि बसताना सुया मोजून घ्या, उठताना मोजून ठेवा. आमच्याकडे वीस असतात. एकोणीस भरल्या, तर विसावी सापडेपर्यंत लाडू कुणालाच मिळत नाही.