हमाली करशील!

कोणी गृहपाठ चुकवला की माझं वाक्य ठरलेलं असे, "शिकला नाहीस तर हमाली करशील!" वर्ग हसायचा. एकदा मागच्या बाकावरचा एक मुलगा हसला नाही. मधल्या सुट्टीत जवळ येऊन हळूच म्हणाला, "सर, माझे वडील हमाल आहेत." मला उत्तर सुचलं नाही.

पुढे पालकसभेला ते आले. धुतलेला पांढरा सदरा, पोती वाहून वाकलेली पाठ. "गुरुजी" म्हणत माझ्या पाया पडायला लागले. मान माझीच खाली गेली.

मंडळी, हमालांनी संघटना बांधून लढा दिला, म्हणून महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कायदा झाला. अंगमेहनत करणाऱ्यांना भविष्य निर्वाह निधी, बोनस, भरपगारी रजा मिळण्याची वाट मोकळी झाली. मी नागरिकशास्त्र शिकवायचो, पण हे वर्गात कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवसानंतर दरवर्षी सांगत आलो.

ते वाक्यही सोडलं. त्या मुलाची माफी मागायची मात्र राहूनच गेली. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी रस्त्यात कोणी हातगाडी ओढताना दिसलं की त्याचा तो न हसलेला चेहरा आठवतो. म्हणून आज हे लिहिलं.