यंत्राला अडवायचं कुठे

एखाददुसऱ्या सर्व्हरवर ओएस टाकायची असेल तर ती हातानंच टाकावी, उगाच शहाणपणा करू नये. पेनड्राइव्ह लावला, टाइमझोन निवडला, डिस्क निवडली, पासवर्ड आणि आयपी दिला, की चहा होईपर्यंत काम झालेलं असतं. पण महापे-रबाळेच्या डेटा सेंटरमध्ये सर्व्हर येतात ते रॅक भरून. सगळ्यांवर एकच हायपरव्हायझर, एकच आवृत्ती, सारखंच पार्टिशन हवं असतं. तिथे हातानं काम करणारा कितीही सराईत असला तरी कुठेतरी आयपीचा शेवटचा आकडा चुकतोच.

म्हणून आमच्याकडे इन्स्टॉलर जे जे विचारणार त्याची उत्तरं आधीच एका फाइलीत लिहून ठेवतात. रेड हॅटच्या जगात ती किकस्टार्ट, डेबियनच्या जगात प्रीसीड. व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआयनंही किकस्टार्टचाच साचा घेतला. प्रॉक्समॉक्सच्या इन्स्टॉलरमध्ये ही सोय आली ती २०२४ च्या एप्रिलमध्ये, ८.२ आवृत्तीबरोबर. वेळ अगदी बरोबर साधली. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमनं व्हीएमवेअर घेतली, कायमस्वरूपी लायसन्स बंद केली, आणि अनेकांनी बाडबिस्तरा उचलून प्रॉक्समॉक्सची वाट धरली.

ही फाइल वेळ वाचवण्यासाठी असते, असं व्यवस्थापनाला सांगावं लागतं आणि ते खोटंही नाही. पण ती लिहिताना वेळ जातो तो भलतीकडेच. गावाला जाताना शेजाऱ्यांकडे किल्ली देतो तेव्हा आपण ‘झाडांना पाणी घाला’ एवढंच म्हणतो. ‘कपाट उघडू नका’ हे सांगावं लागत नाही. इन्स्टॉलरला ते सांगावं लागतं. स्क्रीनसमोर बसलेल्या माणसाला ४८० जीबीच्या दोन एसएसडी आणि खाली दहा टीबीचा एक लन दिसला, तर त्याचा हात आपोआप एसएसडीकडे जातो. का गेला, हे त्यालाही धड सांगता येणार नाही. फाइलीत मात्र हे ‘का’ उतरवावं लागतं.

ईएसएक्सआयचंच घ्या. नेटवर सापडणाऱ्या नमुन्यांमध्ये इन्स्टॉलच्या ओळीत दोन पर्याय हमखास असतात: ‘फर्स्टडिस्क’ आणि ‘ओव्हरराइट-व्हीएमएफएस’. पहिली डिस्क म्हणजे कोणती? इन्स्टॉलर आधी सर्व्हरमधली डिस्क बघतो, मग नेटवर्कवरचं स्टोरेज, मग यूएसबी. हा क्रम शहाण्यासारखाच आहे. पण समजा, सर्व्हरमधलं रेड कंट्रोलर जुनं आहे आणि त्याचा ड्रायव्हर या आवृत्तीत नाही. ईएसएक्सआय ७ नं जुने लिनक्स-पद्धतीचे ड्रायव्हर काढून टाकले तेव्हा अशी कंट्रोलर पुष्कळ निघाली. मग आतली डिस्क इन्स्टॉलरला दिसतच नाही, आणि पहिली डिस्क ठरते ती फायबरच्या टोकाला असलेला सॅनवरचा लन. त्यावर बाकीच्या होस्टांच्या चालू व्हीएम आहेत. दुसरा पर्याय सांगतो की जुना डेटास्टोअर असला तरी खुशाल पुसा. इन्स्टॉलर आज्ञाधारक आहे, तो पुसतो आणि काम यशस्वी झाल्याचं कळवतो.

उपाय एका शब्दाचा आहे: ‘फर्स्टडिस्क’पुढे बरोबरचं चिन्ह देऊन ‘लोकल’ लिहायचं. आतली डिस्क सापडली नाही तर इन्स्टॉलर एरर देऊन थांबतो. तरीही मी ओएस पडेपर्यंत सॅनचं झोनिंग करू देत नाही. नवी पोरं याला म्हातारचळ म्हणतात. म्हणू देत.

प्रॉक्समॉक्समध्ये डिस्कची नावं देता येतात, एसडीए, एसडीबी अशी. पण ही नावं कर्नल बूटच्या वेळी वाटतो, ती पुढच्या बूटला तशीच राहतील याची हमी नाही. त्यापेक्षा मॉडेल किंवा सिरियल नंबरवर फिल्टर लावावा. इथेही मेख आहेच: झेडएफएस घेत असाल तर फिल्टरला जुळणाऱ्या सगळ्या डिस्क इन्स्टॉलर पूलमध्ये ओढतो. फाइल तपासायला सोबत एक टूल मिळतं, पण ‘व्हॅलिडेट’ केल्यावर ते फक्त लिखाण शुद्ध आहे की नाही ते बघतं. फिल्टर नेमका कोणत्या डिस्कना लागतो हे त्याच टूलच्या दुसऱ्या कमांडनं प्रत्यक्ष सर्व्हरवर बघून घ्यावं लागतं, आणि नेमकं तेच कुणी करत नाही.

नेटवर्कवरून बूट करण्यात, म्हणजे पीएक्सईत, वेगळीच करमणूक आहे. सर्व्हर उठतो, डीएचसीपीकडे आयपी आणि बूट फाइलचं नाव मागतो. उत्तर येत नाही. केबल बरोबर, लिंकचा दिवा हिरवा, डीएचसीपीच्या लॉगमध्ये मात्र विनंती आल्याची नोंदच नाही. दोष बहुधा स्पॅनिंग ट्रीचा असतो. पोर्ट वर आला की स्विच पंधरा सेकंद ऐकतो, पंधरा सेकंद शिकतो, आणि मगच पॅकेट पुढे सोडतो. बऱ्याच कार्डांचा धीर तोवर सुटलेला असतो. त्यात कार्डाचा ताबा फर्मवेअरकडून आयपीएक्सईकडे आणि तिथून इन्स्टॉलरकडे जाताना लिंक पडते-उठते आणि ती तीस सेकंदं पहिल्यापासून मोजली जातात. नेटवर्कवाल्याकडून त्या पोर्टवर पोर्टफास्ट लावून घेतलं की प्रश्न मिटतो. तोही आधी ‘आमच्याकडून सगळं ओके आहे’ म्हणतो, तो रिवाजच आहे. एलएसीपी आणि व्हीलॅनची भांडणं याच कुळातली, ती सोडून देतो. आणि फाइल एचटीटीपीएसवरून देत असाल तर सर्व्हरचं घड्याळ बघा. ते चुकीचं असेल तर सर्टिफिकेट बरोबर असूनही इन्स्टॉलर ते नाकारतो.

बूट ऑर्डरमध्ये नेटवर्क कायमचं पहिलं ठेवणं मला पटत नाही. सहा महिन्यांनी कुणी पॅच टाकून सर्व्हर रीबूट करतो, पीएक्सई सर्व्हर इमानदारीत तीच फाइल हातात देतो, आणि चालता हायपरव्हायझर पुन्हा कोरा होतो. नेटवर्क बूट एकदाच, आयड्रॅक किंवा आयएलओमधून रेडफिशनं सांगून. आणि ओएस पडली की त्या सर्व्हरचं नाव इन्स्टॉल करायच्या सर्व्हरांच्या यादीतून खोडायचं.

प्रॉक्समॉक्सची मला सर्वांत आवडलेली गोष्ट ही की इन्स्टॉलर फाइल मागताना स्वतःची ओळख देतो. सिरियल नंबर, नेटवर्क कार्डांचे मॅक ॲड्रेस, सगळं जेसनमध्ये आमच्या वेब सर्व्हरला पोस्ट करतो. यादीतला सिरियल असेल तर त्याची फाइल द्यायची, नसेल तर ४०४. अनोळखी सर्व्हरसाठी एक सर्वसाधारण फाइल ठेवा, म्हणजे काम अडणार नाही, अशी सूचना दर बैठकीत येते आणि मी ती दर बैठकीत नाकारतो.

त्याचे भोग आहेतच. सिरियलची यादी खरेदी विभागाकडून एक्सेलमध्ये येते. एखाद्या सिरियलमध्ये मधे एकच ई आणि बाकी सगळे आकडे असले, की एक्सेल त्याला घातांकाची संख्या समजून भलतंच रूप देतं. मग तो सर्व्हर ४०४ घेऊन तसाच उभा राहतो आणि रात्री दीडला डेटा सेंटरमधून फोन येतो, “सर, हा एकच घेत नाहीये.” मी त्याला सर्व्हरच्या पुढचा टॅग ओढून सिरियल वाचून दाखवायला सांगतो, यादी दुरुस्त करतो आणि झोपतो.