वसतिगृहातील राघू

सम्राट अशोकाचा पाचवा स्तंभलेख शिकवताना मी मुलांना एक प्रश्न हमखास विचारतो : राज्याभिषेकाला सव्वीस वर्षे झाल्यावर सम्राटाने ज्या प्राण्यांची हत्या निषिद्ध ठरवली, त्या यादीत पहिले नाव कोणाचे असेल? मुले हत्ती, सिंह, मोर अशी नावे घेतात. पहिले नाव आहे शुकाचे, म्हणजे आपल्या पोपटाचे, दुसरे सारिकेचे. राघू-मैनेची जोडी इतकी जुनी आहे हे कळल्यावर वर्ग हसतो. त्याच लेखाच्या अखेरीस, तोवर पंचवीस वेळा बंदिवानांना मुक्त केल्याची नोंद आहे. तेथे पोहोचलो की मला २०१४ सालचा मार्च महिना आठवतो.

त्या वर्षी मराठवाड्यात गारपीट झाली. शिवारातली ज्वारी आडवी झाली आणि वसतिगृहाच्या आवारातील कडुनिंबाची मोठी फांदी मोडली. तिच्या ढोलीतून पोपटाची पिले खाली पडली. त्यांतले एकच वाचले. पिसे अजून नळ्यांतच होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार पोपट पकडणे वा पाळणे हा गुन्हा आहे. आपल्या गावांत ओसरीवर पिंजरा टांगणाऱ्यांना हे सहसा ठाऊक नसते; माझे काही नातेवाईकही त्यांत आहेत. आम्ही वनकर्मचाऱ्याला कळवले. पंख भरेपर्यंत सांभाळा, पिंजऱ्यात घालू नका, मग सोडून द्या, असे त्याने सांगितले.

सांभाळले ते सहावीतल्या एका मुलाने. त्याचे आईवडील मुकादमाची उचल घेऊन दसऱ्यानंतर ऊसतोडीला गेलेले. वर्गात तो क्वचितच बोले. खोक्यात गोणपाट अंथरून त्याने पिलाला ज्वारीच्या पिठाची कोमट पेज भरवली, पुढे भिजवलेली हरभऱ्याची डाळ दिली. हात वरून नेला की पिलू घाबरते, कारण ससाणा वरूनच येतो. हात समोरून, छातीच्या उंचीवर न्यावा, हे त्याचे त्यानेच शोधले. पोपट भीतीने चावतो आणि आपण हात झटकला की त्याची भीती वाढते. म्हणून हा चावा सोसून हात स्थिर ठेवी. पोपट थव्यात राहणारा पक्षी. एकटा ठेवला की ओरडून जीव नकोसा करतो. त्यामुळे अभ्यासाच्या तासालाही खोके त्याच्या शेजारीच असे. महिन्याभरात राघू मनगटावर बसून एका पायात हिरवी मिरची धरून खाऊ लागला. (पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा जाणवतच नाही.)

मोठ्या मुलांना त्याला ‘जयभीम’ म्हणायला शिकवायचे होते. मी विरोध केला. एक तर इतके लहान पिलू बोलत नसते. आणि अर्थ न कळता उच्चारलेल्या जयभीमची आपल्याकडे टंचाई नाही. बाबासाहेबांनी शिकायला सांगितले, पोपटपंची करायला नव्हे. राघू अखेरपर्यंत बोलला नाही. बोलला तो मुलगा. फडावरची कोपी, बैलांची नावे, पहाटे गाडी भरताना आईचा ठेचलेला अंगठा... आम्हा शिक्षकांना सहा महिन्यांत जे कळले नव्हते, ते तो खोक्यापुढे बसून सांगत असे.

पंख भरू लागले तेव्हा कोणी सुचवले, थोडी पिसे कापा, म्हणजे येथेच राहील. मुलगा म्हणाला, “सर, मग थव्यात कसं जाईल?” पुढे कोणी तो विषय काढला नाही.

एप्रिलच्या मध्यास राघू कडुनिंबावर जाऊन बसला. काही दिवस संध्याकाळी डाळीसाठी खाली उतरे. त्याच सुमारास आईवडील परतले. मुलाने वडिलांना हात कसा पुढे करायचा ते समजावले. कोयत्याने घट्टे पडलेला तो हात त्यांनी, सांगितल्याप्रमाणे, समोरून हळूच पुढे केला आणि बराच वेळ तसाच धरला. राघू खाली आला नाही. मुलगा मात्र बोलतच होता, आणि आई पायरीवर बसून ऐकत होती.