मॅडमचं देणं

काही उपकार चारचौघांत सांगता येत नाहीत. मॅडमचे माझ्यावरचे तसे आहेत. म्हणून निदान कागदावर मांडते.

लग्नानंतर काही वर्षांनी मला नको त्या जागी बारीक फोड उठले. लघवीला बसलं की डोळ्यांत पाणी यायचं. मेडिकलमधून आणलेल्या मलमाने काही होईना, तेव्हा सरकारी इस्पितळात ‘त्वचा व गुप्तरोग’ पाटीखाली ओढणीत तोंड लपवून बसले. तिथल्या डॉक्टर मॅडमनी तपासलं आणि सर्दी झालीय म्हणावं तितक्या सहज म्हणाल्या, ‘हर्पीस आहे.’

माझ्या मनात एकच प्रश्न: हे घरात आणलं कोणी? त्यांनी तो न विचारताच ओळखला. ‘हा विषाणू मज्जातंतूंच्या गाठींत वर्षानुवर्षं गप्प बसतो. फोड नसतानाही एकाकडून दुसऱ्याकडे जातो. कोणाकडून, कधी, हे मलाही सांगता येणार नाही. घरी जाऊन पंचनामा करू नका. नवऱ्याला घेऊन या.’ पुढच्या खेपेला आम्ही दोघं गेलो.

असायक्लोव्हिर ४०० मिलिग्रॅम, दिवसातून ३ वेळा, ७ ते १० दिवस. फोड सुकले. पण हा विषाणू मुळासकट जात नाही, हे मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. पुढे दोन वाटा होत्या: चुणचुण सुरू होताच त्याच दिवशी गोळ्या घ्यायच्या, किंवा वारंवार उठत असेल तर रोज सकाळ-संध्याकाळ एकेक घेत राहायची. निवड त्यांनी माझ्यावर सोडली. तोवर माझ्या शरीराबद्दल मला असं कोणी विचारलंच नव्हतं. मी रोजची गोळी निवडली.

हे औषध ज्या चमूने विकसित केलं, त्यात गर्ट्रूड एलियन होत्या. रीतसर पीएच.डी. नसलेल्या या बाईंना १९८८ साली नोबेल मिळालं. विषाणूचंच विकर या औषधाला जागं करतं, म्हणून निरोगी पेशींना त्याची फारशी झळ लागत नाही. हेही मॅडमनीच सांगितलं.

दिवस राहिले तेव्हा प्रसूतीच्या डॉक्टरांसाठी त्यांनी स्वतः चिठ्ठी लिहिली: ३६व्या आठवड्यापासून गोळ्या, कळा सुरू होताना फोड दिसले तर सिझेरियन. फोड नव्हते. मुलगी सुखरूप झाली. पेढे घेऊन गेले, तर मॅडमची बदली झालेली. आता कोणी बाई माझ्याशी दबक्या आवाजात बोलू लागली, की मी तिला त्या पाटीपर्यंत पोचवून येते.