मुळशीच्या पाण्याचा पाठलाग

दोस्तांनो, एक कोडं घालतो. पुण्याच्या पश्चिमेला मुळा नदीवर मुळशीचं धरण आहे. त्या तलावातलं पाणी कोणत्या समुद्राला मिळतं? भूगोलात पैकीच्या पैकी मिळवणारी मंडळी लगेच म्हणतील, "मुळा, मुठा, मग भीमा, मग कृष्णा. म्हणजे बंगालचा उपसागर!"

चुकलात! तिथलं बरंचसं पाणी चक्क उलट्या दिशेनं, अरबी समुद्राकडे जातं. कसं, ते बघायला डिसेंबरच्या सुट्टीत मी आणि माझा आठवीतला भाचा निघालो. त्याची गिअरची नवी माउंटन बाईक होती, माझी जुनीच. सायकली टेम्पोतून पौडपर्यंत नेल्या आणि उजाडताच पायडल मारायला सुरुवात केली.

धरण मागे पडलं की रस्ता तलावाच्या सोबतीनं ताम्हिणीकडे जातो. निळंशार पाणी, भोवती सह्याद्री. एका टपरीवर चहाला थांबलो. तिथल्या आजोबांनी पाण्याकडे बोट केलं. "ते बघा, तिथं आमची आंबेमोहराची खाचरं होती. माझ्या आज्याची. मी काही ती बघितली नाहीत, पण बाबा जागा दाखवायचे. आता मी नातवाला दाखवतो."

ही गोष्ट आहे शंभर वर्षांपूर्वीची. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती, म्हणून टाटांच्या कंपनीनं इथं धरण बांधायला घेतलं. मावळ्यांची भातशेती आणि घरं पाण्याखाली जाणार होती. 1921 मध्ये शेतकऱ्यांनी सत्याग्रह सुरू केला. बायाबापड्यासुद्धा तुरुंगात गेल्या. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' हे नाव मिळालं ते याच लढ्यात. पण धरण झालंच. 1927 मध्ये खाली कोकणात, भिऱ्याला वीजघर सुरू झालं.

आम्हालाही भिऱ्यालाच जायचं होतं. चढ संपला आणि घाटाचा उतार लागला. काय विचारता! पायडल मारायचं कामच नाही. दोन्ही हात ब्रेकवर आणि कानांत नुसता वारा. खाली विळ्याला पोचल्यावर भाच्यानं चाकाच्या रिमला बोट लावलं आणि "हाय!" करून मागे घेतलं. रिम चांगलीच तापली होती.

इथंच सगळी गंमत आहे बरं का! उंचावर असलेल्या वस्तूत ऊर्जा साठलेली असते. आम्ही साधारण 500 मीटर खाली आलो आणि ती ऊर्जा ब्रेक तापवण्यात घालवली. तलावाचं पाणीही जवळपास तेवढंच खाली येतं, पण बोगद्यातून कड्यापर्यंत आणि तिथून पोलादी नळांतून. खाली त्याची जोरदार धार एका मोठ्या चाकाच्या वाट्यांवर आदळते. याला पेल्टन चाक म्हणतात. चाक फिरतं, त्याला जोडलेलं जनित्र फिरतं आणि वीज तयार होते. काम संपलेलं पाणी कुंडलिका नदीत जातं आणि नदी ते अरबी समुद्रात पोचवते. सुटलं कोडं?

आता वही घ्या. सायकलसह तुमचं वजन 60 किलो धरलं, तर या उतारावरून मिळणारी ऊर्जा जेमतेम 0.08 युनिट भरते. त्यावर 10 वॉटचा एलईडी दिवा आठ तास जळेल. एका अख्ख्या युनिटसाठी सव्वासातशेहून जास्त लिटर पाणी तेवढ्या उंचीवरून सोडावं लागतं. घरचं बिल काढा आणि करा गुणाकार!

आणखी एक नवल सांगतो. 1990 च्या दशकात भिऱ्याला एक उलटसुलट चालणारा संच बसवला. वीज शिल्लक असेल तेव्हा तो खालचं पाणी पुन्हा वर चढवतो आणि वीज कमी पडली की तेच पाणी खाली सोडून वीज देतो.

तुम्ही जाणार असाल, तर मोठ्या माणसांबरोबरच जा. हेल्मेट, पंक्चरचं सामान आणि भरपूर पाणी बरोबर हवं. शनिवार-रविवारी घाटात गाड्यांची गर्दी असते, ते दिवस टाळा. निघण्याआधी ब्रेक तपासा. वीजघरात परवानगीशिवाय जाता येत नाही, ते बाहेरूनच बघायचं. आणि कुंडलिकेच्या पात्रात उतरू नका. वीजघरातून पाणी सुटलं की नदी बघता बघता भरते.

परतताना टेम्पोत भाचा वहीत चित्र काढत होता. तलाव, बोगदा, नळ, चाक, नदी. सगळं बरोबर होतं. फक्त तलावाच्या तळाशी त्यानं छोटे छोटे चौकोन काढले होते.

"हे रे काय?" मी विचारलं.

"खाचरं, मामा," तो म्हणाला.