पवनीच्या वाटेवर दोन मोटारी

नागपूर-भंडारा रस्ता आता ऐसपैस चौपदरी आहे, आणि अशा रस्त्यावर मोठी मोटार कशासाठी घ्यायची, ते मौदा यायच्या आतच कळते. गेल्या दिवाळीत आम्ही सहकुटुंब पवनीला निघालो होतो. पुढे पुतण्याची नवी स्कॉर्पिओ-एन आणि मागे थोरल्या बंधूंची, आता पंचविशी उलटलेली, मारुती ८००. शेजारून ट्रक गेला की आमची ही चिमुकली अंग चोरून घेई. पुढच्या मोटारीत वहिनींना म्हणे डुलकी लागली होती! त्यातून त्या मोटारीत हवेच्या पिशव्या आहेत, २०२२ साली धडकेच्या परीक्षेत तिला पाच तारे मिळाले आहेत. आमच्या आठशेत पट्ट्यांपलीकडे काही नाही. नातवंडे कोठे बसवायची, हा वाद तेथेच मिटला.

भंडारा म्हणजे पितळेचे गाव. तेथे वहिनींनी एक घागर घेतली. मोठ्या मोटारीत सातही जागा भरल्या, की मागे सामानाला चिंचोळी फट तेवढी उरते. घागर अर्थातच आठशेत, माझ्या मांडीवर आली.

अड्याळच्या पुढे एका आडगावी पाहुण्यांकडे वळायचे होते. धान कापणीचे दिवस. बांधांवर भारे रचलेले. असल्या एकेरी रस्त्याचे डांबर फार तर पावणेचार मीटर रुंद. आता हिशेब पाहा. आठशेची रुंदी १ मीटर ४४ सेंटिमीटर. अशा दोन मोटारी समोरासमोर आल्या, तरी डांबर न सोडता निघून जातील. स्कॉर्पिओ-एन १ मीटर ९२ सेंटिमीटर. तशा दोन आल्या, तर एकीला खाली उतरलेच पाहिजे. आणि समोरून धानाची बैलगाडी आली तर? आलीच. गाडीवान हसत म्हणाला, “कोणी तरी उतरा जी, नाही तर इथंच दिवाळी करा!” आणि उतरला तोच, बैलांना बांधाकडे रेटीत, वर भाऱ्यांचा डोलारा सांभाळीत. मागोमाग एक सायकलवाली मुलगीही चिखलात उतरली. दोघांपैकी कोणाशी आमचा शब्दाचा तंटा झाला नाही. पण रस्ता त्यांच्या गावचा होता, आणि हे मला काही केल्या गोड वाटेना.

पवनी जुने गाव. तीन बाजूंना कोट आणि खंदक, चौथीला वैनगंगा. १९६९-७० साली येथील जगन्नाथ टेकडीवर उत्खनन झाले आणि प्राचीन बौद्ध स्तूप उजेडात आला. नदीकडे उतरणाऱ्या बोळांपाशी पुतण्याने मोटार उभी केली. बंधू मात्र आठशे घेऊन थेट घाटाच्या तोंडाशी गेले. १९८३ च्या डिसेंबरात बाजारात आलेली ही मोटार २०१४ साली कारखान्यात निघायची बंद झाली, हे त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावरून कोणी ओळखले नसते.

“काका, बाबांना तुम्हीच सांगा,” पुतण्या म्हणाला, “वीस वर्षांवरच्या मोटारीच्या फेरनोंदणीला २०२५ पासून दहा हजार रुपये पडतात.”

“भरीन,” बंधू घाटावरूनच म्हणाले.

वहिनींनी मात्र परतीसाठी मोठ्या मोटारीतल्या जागेवर आधीच रुमाल टाकून ठेवला होता.